स्कॅनरमध्ये न मावलेली मुलं

मेंदूचा जवळजवळ अर्धा भाग श्वेतद्रव्याचा असतो. चेतापेशींचे लांबच लांब तंतू आणि त्यांवरचं मायलिनचं स्निग्ध आवरण मिळून तो बनतो. मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणाऱ्या एकट्या कॉर्पस कलोसममध्येच सुमारे २० कोटी तंतू आहेत. स्वमग्नतेचं मूळ या जोडणीत तर नाही? २००१ मध्ये एरिक कूर्शेन आणि सहकाऱ्यांना दोन-तीन वर्षांच्या स्वमग्न मुलग्यांच्या मोठ्या मेंदूत श्वेतद्रव्य १८ टक्के जास्त आढळलं आणि या प्रश्नाला जोर आला.

पण आकारमानावरून तंतूंची आतली रचना कळत नाही. ती अजमावायचं तंत्र पीटर बॅसर, डेनिस ल बिहान आदींनी १९९४ मध्ये मांडलं होतं. पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीला धरून सहज सरकतात. आडवे जाताना मायलिन आणि पेशीपटल त्यांना अडवतात. हा दिशेचा कल एमआरआयवर ० ते १ या आकड्यात मोजता येतो. २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या चमूला स्वमग्न मुलांत हा आकडा अनेक ठिकाणी कमी दिसला. पुढे असेच निष्कर्ष येत गेले आणि ‘स्वमग्नता म्हणजे कमकुवत जोडण्या’ हे समीकरण रूढ झालं.

२०१२ मध्ये चित्र गुंतागुंतीचं झालं. ज्यांचं मोठं भावंड स्वमग्न आहे अशा ९२ बाळांचे झोपेत स्कॅन झाले. पुढे स्वमग्नतेचे निकष लागू झालेल्या २८ बाळांत, तपासलेल्या १५ पैकी १२ तंतुमार्गांची वाढ वेगळ्या वाटेनं गेली होती. त्यांतल्या बहुतेक मार्गांत सहाव्या महिन्यात आकडा इतरांहून जास्त होता. मग त्याची वाढ मंदावली आणि दोन वर्षांपर्यंत तो इतरांहून कमी पडला. म्हणजे मूल कोणत्या वयाचं आहे, यावर उत्तर फिरतं.

खरा धक्का २०१४ चा. कॅमी कोल्डवाइन, नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी ५२ स्वमग्न आणि ७३ इतर मुलांचे स्कॅन तपासले. नेहमीच्या पद्धतीनं हिशेब केला, तेव्हा अनेक मार्गांत फरक दिसला. डोक्याची हालचाल दोन्ही गटांत सारखी राहील अशी निवड केल्यावर मात्र तो एकाच मार्गात उरला, उजव्या बाजूच्या खालच्या लांब तंतुजुडग्यात.

स्वमग्न मुलं स्कॅनरमध्ये जास्त का हलतात, हे समजण्यासारखं आहे. अरुंद बोगदा, डोक्याभोवती कॉइल, कानठळ्या बसवणारे ठोके आणि ‘अजिबात हलू नकोस’ ही सूचना. आवाज ज्याला सोसत नाही, ते मूल हलणारच. मग त्याचा स्कॅन बाद होतो किंवा त्याला आधीच वगळलं जातं. त्यामुळे जी मुलं बोलत नाहीत, ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज आहे, तीच संशोधनातून गळतात. कॅलिफोर्नियातल्या माइंड इन्स्टिट्यूटमध्ये क्रिस्टीन नॉर्डाल यांच्या चमूनं वर्तनतज्ज्ञांच्या मदतीनं, सराव करून घेत, भूल न देता बौद्धिक अक्षमता असलेल्या स्वमग्न मुलांचे स्कॅन करून दाखवले. वेळ लागतो, पण जमतं.

स्वमग्नतेचं निदान आजही वर्तन आणि विकास पाहूनच होतं. गटांच्या सरासरीतला फरक एका मुलाचं भवितव्य सांगत नाही. म्हणून श्वेतद्रव्याविषयी नवा दावा वाचताना आधी विचारावं: कोणती मुलं तपासली आणि कोणती वगळली? वगळलेल्यांना सामावून घेण्यावर खर्च होणारा वेळ आणि पैसा हाच या विज्ञानाचा पाया आहे.