‘हे खरंच जमतं का?’ : रानातल्या साहसकथा आणि त्यांचे कुमार वाचक

बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या रानावनातल्या साहसकथांकडे मोठी माणसं सहसा दोनच नजरांनी बघतात. एक नजर काळजीची : हे वाचून पोरं घर सोडून निघाली तर? दुसरी संस्काराची : यातून निसर्गप्रेम रुजेल का? मुलं मात्र पुस्तक मिटताना वेगळंच विचारतात. हे खरंच जमतं का, आणि पुढे काय झालं? हा प्रश्न भाबडा वाटतो, पण या साहित्यप्रकाराची सगळ्यात कडक परीक्षा तोच घेतो. वाचकांच्या अशा प्रश्नांनी पुस्तकांना वळण दिल्याचे दाखले अमेरिकी कुमारसाहित्यात स्पष्ट सापडतात, म्हणून आधी तिकडे पाहू.

गॅरी पॉलसन यांची ‘हॅचेट’ ही कादंबरी १९८६ सालची. तेरा वर्षांचा ब्रायन छोट्या विमानातून निघालेला असतो. वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो आणि मुलगा कॅनडाच्या अरण्यातल्या एका तळ्यात कोसळतो. जवळ फक्त आईने दिलेली हातकुऱ्हाड. रात्री निवाऱ्यात शिरलेल्या साळिंदरावर तो ती फेकतो तेव्हा पातं कातळावर आपटतं, ठिणग्या उडतात, आणि विस्तवाची वाट त्याला दिसते. पण विस्तव लगेच मिळत नाही. वाळलं गवत पेटत नाही, खिशातली वीस डॉलरची नोट फाडून तिचे तुकडे केले तरी ठिणगी धरत नाही. शेवटी भूर्जाची साल केसासारखी बारीक सोलावी लागते आणि ठिणगीला फुंकर घालून हवा द्यावी लागते. चोपन्न दिवसांनी ब्रायनची सुटका होते. वाचकांना खटकलं ते नेमकं इथे. हिवाळा तोंडावर असताना सुटका झाली, म्हणजे खरी कसोटी टळलीच, असं मुलांनी लेखकाला कळवलं. १९९१ साली ‘द रिव्हर’ हा पुढचा भाग आला, तरी ही तक्रार मिटली नाही. अखेर १९९६ साली पॉलसन यांनी ‘ब्रायन्स विंटर’ लिहिली. ब्रायनची सुटका झालीच नाही, असं धरून ती कथा त्याच रानात बर्फ पडेपर्यंत आणि त्याही पुढे जाते.

यावर दोन आक्षेप घेता येतात. एक असा, की अमेरिकेत लेखकाला पत्र लिहिणं हा पुष्कळदा शाळेने दिलेला अभ्यास असतो. शिक्षकांनी लिहवून घेतलेल्या मजकुराला प्रतिसाद कसं म्हणावं? पण शाळेचं पत्र ‘तुमचं पुस्तक आवडलं’ एवढ्यावर थांबू शकतं. छापील शेवट नाकारून हिवाळा मागायला कुणी सांगितलेलं नसतं. दुसरा आक्षेप, की खपणाऱ्या पुस्तकाचे पुढचे भाग निघतातच. निघतात, पण ते सहसा कथा पुढे नेतात. आधीचा शेवट पुसून तिथूनच दुसरी वाट धरत नाहीत. पॉलसन स्वतः ‘हे खरंच जमतं का?’ या प्रश्नाला किती मान देत, ते त्यांच्या २००१ सालच्या ‘गट्स’ या आठवणींच्या पुस्तकात दिसतं. ब्रायन कासवाची कच्ची अंडी खातो. लेखकाने ती खाऊन पाहिली आणि आपल्याला ती गिळवली नाहीत, हे कबूल केलं.

काळजीची नजर कुठे चुकते, हे जीन क्रेगहेड जॉर्ज यांच्या १९५९ सालच्या ‘माय साइड ऑफ द माउंटन’वरून कळतं. न्यूयॉर्क शहरातला सॅम घर सोडून कॅट्सकिल डोंगरात जातो आणि पोकळ केलेल्या झाडात वर्षभर राहतो. मुलांना घर सोडायला उत्तेजन मिळेल, म्हणून प्रकाशक आधी कचरले होते. पण पुस्तकाचा ऐवज पळून जाण्यात नाहीच. हिवाळ्यात सॅमच्या नाकातून रक्त येऊ लागतं, जीवनसत्त्व कमी पडतं आणि तो सशाचं यकृत खाऊन सावरतो. चुलीचा धूर आणि बंद हवा जिवावर बेतते, तेव्हा झाडाला वारा यायला जागा करावी लागते. अमेरिकेतल्या कित्येक ससाणेपालकांनी आपल्या छंदाचं मूळ म्हणून या पुस्तकाचं नाव घेतलं, ते सॅमच्या बहिरी ससाण्यामुळे. पुढे डीडीटीने त्या पक्ष्याची संख्या घसरली आणि १९९० सालच्या पुढच्या भागात तोच ससाणा बेकायदा पाळलेला म्हणून सॅमकडून काढून घेतला जातो. निसर्गातली वस्तुस्थिती बदलली, तशी कथाही बदलावी लागली.

तरीही कुणी म्हणेल, की ‘जमतं का’ एवढंच विचारणारा वाचक रानाला केवळ वापरायची वस्तू समजतो. हा धोका आहे, पण जॉर्ज यांच्याच १९७२ सालच्या ‘ज्युली ऑफ द वुल्व्ह्ज’मध्ये तो टळतो. टुंड्रात वाट चुकलेली मुलगी लांडग्यांच्या हालचाली दिवसेंदिवस न्याहाळते, त्यांचे इशारे शिकते, तेव्हा कुठे तिला अन्न मिळतं. इथे तगून राहायचं तर दुसऱ्या प्राण्याकडे नीट पाहावंच लागतं. या पुस्तकाला १९७३ सालचं न्यूबेरी पदक मिळालं, पण लांडग्यांबाबत एवढ्या चोख असलेल्या लेखिकेचं माणसांचं चित्रण चुकल्याचं अलास्कातल्या इनुपिआक वाचकांनी दाखवून दिलं. तोही ‘हे असंच असतं का?’ हाच प्रश्न; फक्त तो जाणत्यांनी, स्वतःच्या जगण्याबद्दल विचारला. म्हणून हा प्रश्न निव्वळ तंत्राचा राहत नाही. लेखक कुणाला बारकाईने पाहतो आणि कुणाला ओझरतं, हेही तो उघडं पाडतो.

मराठी वाचकाला हा अनुभव परका नाही. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ‘द यर्लिंग’ राम पटवर्धनांनी ‘पाडस’ नावाने मराठीत आणली. त्यात मुलाने जीव लावलेलं हरणाचं पिल्लू कुटुंबाच्या पोटाचं पीक खातं आणि त्याला मारण्याची वेळ येते. तिथे पाडसाचं प्रेम आणि घरची भूक एकाच तराजूत पडतात, लेखिका कुणालाच सवलत देत नाही. मराठीत कुमारांसाठी रानाची गोष्ट लिहिणाऱ्याने हीच शिस्त पाळायला हवी. सह्याद्रीतल्या आषाढात ओलं लाकूड पेटतं का, अंगाला जळू चिकटली तर काय करायचं, ज्या वाटेवर नायक भरकटला ती धनगराला कशी ठाऊक असते, हे माहीत करून घेतल्याशिवाय संदेश देऊ नये. मुलं संदेश सहन करतात, खोटा विस्तव नाही. त्यांची शंका संपादकांनी हस्तलिखित वाचतानाच विचारली, तर पुष्कळ पुस्तकं छापण्याआधीच सुधारतील.