कॅन्सरचं औषध बनवण्याच्या पद्धतीवर कोणाचं पेटंट आहे, ते कसं शोधतात?

अमरावती असो की अकोला, कॅन्सरच्या गोळ्यांचं बिल हातात पडलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'यात स्वस्त काही मिळत नाही का?' याचं उत्तर पुष्कळदा पेटंटच्या कागदांत असतं. हे कागद मोबाईलवर फुकट पाहता येतात.

२ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपये

सोराफेनिब हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं औषध. बायर कंपनी ते 'नेक्साव्हार' नावाने विकते. महिन्याच्या १२० गोळ्यांना सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडायचे. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईत पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ८,८०० रुपये ठरवली. वऱ्हाडातले पेटंट अर्जही याच मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतात.

औषध वेगळं, पद्धत वेगळी

१९७० च्या कायद्यानुसार भारतात औषधाला पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला मिळे. म्हणून भारतीय कंपन्या तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवत. २००५ पासून औषधालाही पेटंट मिळू लागलं. मुदत अर्जापासून २० वर्षं.

सोराफेनिबचं मूळ पेटंट २०२० मध्ये संपलं. पण मूळ पेटंट संपलं म्हणजे वाट मोकळी झाली, असं नसतं. औषध बनवण्याची पद्धत आणि त्याचं स्फटिकरूप यांवर कंपन्या नंतर वेगळे अर्ज करतात. सोराफेनिबबाबतही तसे अर्ज झाले.

शोधायचं कसं?

१. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर 'इनपास' ही शोधसेवा आहे. तिथून सुरुवात करावी.

२. ब्रँडच्या नावावर थांबू नये. सोराफेनिबच्या मूळ पेटंटच्या शीर्षकात 'सोराफेनिब' हा शब्दच नाही. तिथे 'डायफिनाईल युरिया' असं रासायनिक वर्णन आहे. म्हणून औषधाचं मूळ नाव, रासायनिक नाव आणि अर्जदार कंपनी अशा तिन्ही अंगांनी शोधावं.

३. वर्गीकरणाचे संकेत वापरावेत. कॅन्सरवरील औषधांसाठी 'ए६१पी ३५' हा संकेत आहे.

४. शीर्षकापेक्षा शेवटचे 'क्लेम्स', म्हणजे दावे, वाचावेत. दावा 'प्रोसेस'चा असेल तर त्यात कच्चा माल, द्रावक, तापमान, पायऱ्या असं सांगितलेलं असतं. कायद्याचं संरक्षण या दाव्यांनाच मिळतं.

५. पेटंट चालू आहे, संपलंय की फी न भरल्याने रद्द झालंय, हे 'स्टेटस'मध्ये पाहावं.

मूळ औषधाचं पेटंट संपलं असेल आणि फक्त पद्धतीचं उरलं असेल, तर दुसरी कंपनी वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवू शकते. मूळ पेटंट चालू असेल तर मात्र वेगळी पद्धत कामाची नाही.

सामान्य माणसाला याचा उपयोग काय?

अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. प्रसिद्धीनंतर, पेटंट मंजूर होण्याआधी, कलम २५(१) नुसार कोणीही त्याला विरोध करू शकतं. रक्ताच्या कॅन्सरवरील 'ग्लिव्हेक'च्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णसंस्था होती. २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हार्टिसला पेटंट नाकारलं. भारतात त्याची स्वस्त जेनेरिक औषधं मिळत राहिली.

अर्ज वेळेत सापडला, म्हणून हा विरोध करता आला.