घोट्यावरचं रेडियम

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८००. जाहिरात निघो न निघो, लाखांदूर-पवनी-वडसा पट्ट्यातली पोरं पहाटे अंधारातच रनिंग मारायला बाहेर पडतात. त्यांचं चुकत नाही. मे महिन्यात इथे आठलाच ऊन चावायला लागतं, आणि उजाडलं की धानाची कामं असतात. पण उन्हाला चुकवायला निवडलेल्या वेळी त्याच रस्त्यावर रेतीचे टिप्परही असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटलीजवळ पहाटे व्यायामाला निघालेल्या मुलांना ट्रकने चिरडलं. चार मुलं गेली.

ड्रायव्हर, वेग, रस्ता यांवर बोलायलाच हवं. मला मात्र आज एवढंच बघायचंय, की अंधारात ड्रायव्हरला माणूस दिसतो कसा?

ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. अचानक काही दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोन सेकंद धरा, ३४ मीटर तिथेच संपले. भरलेला टिप्पर थांबायला आणखी जवळपास तितकेच. डिप्परच्या उजेडात काळी ट्रॅक पँट बरेचदा या अंतराच्या आत आल्यावरच उमटते. पळणाऱ्याला मात्र हेडलाइट केव्हाचाच दिसत असतो, त्यामुळे आपणही ड्रायव्हरला दिसतोय असं तो धरून चालतो. पायी चालणारे स्वतःच्या दिसण्याचा अंदाज भलताच वाढवून सांगतात, हे १९७० पासूनच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा आढळलंय.

यावरचा तोडगा मिळाला तो रस्त्यासाठी न केलेल्या एका प्रयोगातून. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३ मध्ये माणसाच्या खांदे, कोपर, मनगट, गुडघे, घोटे अशा सांध्यांवर ठिपक्याएवढे दिवे लावले आणि मिट्ट काळोखात त्याचं चित्रीकरण केलं. माणूस स्थिर असताना पाहणाऱ्यांना फक्त विखुरलेले ठिपके दिसले. तो चालायला लागला आणि लोक लगेच म्हणाले, माणूस! सेकंदाचा पाचवा हिस्साही पुरतो, असं पुढच्या प्रयोगात निघालं. आपला मेंदू चालणारी आकृती इतक्या तयारीने ओळखतो, की त्याला चेहरा, कपडे, बाह्यरेषा काहीच लागत नाही.

(त्याच्याही आधी, १८८० च्या दशकात, पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी आपल्या माणसाला काळा पोशाख चढवून त्याच्या हातापायांवर चकाकत्या पट्ट्या लावल्या होत्या आणि त्याच्या हालचालींची छायाचित्रं घेतली होती. त्यांना चालण्या-धावण्याचं गणित हवं होतं. लाखांदूरच्या पोराने घालावा असा पोशाख त्यांनी जवळपास दीडशे वर्षांपूर्वी शिवून ठेवला, हे त्यांच्या गावीही नव्हतं.)

सांध्यांवरच्या अशा खुणांनी रस्त्यावर माणूस ओळखू येतो का, हे ब्रिस्बेनच्या संशोधक जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सायकलस्वारांवर तपासलं. रात्री बंद रस्त्यावर काळ्या कपड्यांतला सायकलस्वार २ टक्के ड्रायव्हरांना ओळखू आला, भडक फ्लोरोसंट जॅकेटमधला १५ टक्के, परावर्तक जॅकेटमधला ५० टक्के. त्याच जॅकेटसोबत गुडघ्यांना आणि घोट्यांना परावर्तक पट्ट्या बांधल्या, तेव्हा ९० टक्के. दुकानदार ‘सेफ्टी’ म्हणून विकतो त्या पोपटी टी-शर्टचं अपयश यात उघडं पडतं. तो रंग उजळतो दिवसाच्या प्रकाशातल्या अतिनील किरणांवर, आणि हेडलाइटमध्ये ते जवळजवळ नसतात.

आपल्याकडे ही पट्टी रेडियम म्हणून मिळते, नंबरप्लेट बनवणाऱ्याकडे. तिच्या काही प्रकारांत काचेचे सूक्ष्म मणी असतात. प्रकाश आला त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. म्हणून ती ड्रायव्हरला लख्ख दिसते आणि शेजारी पळणाऱ्या मित्राला फिकट राखाडी. मित्राला विचारून तिची परीक्षा होणार नाही. मोबाइलचा टॉर्च स्वतःच्या डोळ्याजवळ धरून दुरून बघा. इलॅस्टिकवर शिवून दोन्ही घोट्यांना, गुडघ्यांना आणि मनगटांना बांधा. पळा उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल असे.

पण हे सगळं चालतं ते पाय हलत असेपर्यंतच. स्ट्रेचिंगला बसलात, दम खायला कडेला उभे राहिलात, की योहानसनचे ठिपके परत नुसते ठिपके होतात. वॉर्मअप, दंडबैठका आणि विश्रांती शाळेच्या मैदानात करा, डांबराच्या कडेला नको.