उंचसखल जमिनीचा नकाशा : फाइल हलकी, काम जलद

बांधकामाच्या धंद्यात आपले बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गवंडी, सुतार, फरशीवाले, सेंट्रिंगवाले, छोटे-मोठे ठेकेदार अशी ही साखळी आहे. याच घरांतील अनेक तरुण आता संगणकावर इमारतींचे नकाशे तयार करतात. कोणी स्वतःचे छोटे कार्यालय थाटले आहे, तर कोणी आखाती देशांत नोकरी करतो. दुबई नगरपालिकेने 2013 साली परिपत्रक काढून मोठ्या इमारतींसाठी त्रिमितीय माहितीयुक्त आराखडा सक्तीचा केला. तेव्हापासून रेव्हिटसारख्या प्रोग्रामचे हुनर जाणणाऱ्यांची मागणी वाढली.

या कामात एक अडचण हमखास येते. इमारतीचा आराखडा झपाझप होतो. पण खालची जमीन उंचसखल आणि विस्तीर्ण असली की संगणक अडतो. एका ठिकाणची लेव्हल बदलली की पडदा गोठतो. समजा, एका बदलाला 1 मिनिट लागले आणि दिवसात 120 बदल करावे लागले, तर 2 तास नुसते वाट पाहण्यात गेले. काम ठोक दराने घेतलेले असेल तर हे 2 तास कार्यालयाच्या खिशातून जातात.

अशा वेळी पहिला विचार येतो तो नवा, महाग संगणक घेण्याचा. त्याआधी दुखणे कोठे आहे ते पाहिले पाहिजे.

संगणक का अडतो?

सर्व्हेअर जमिनीवरील ठरावीक ठिकाणांची उंची मोजतो. प्रोग्राम हे बिंदू एकमेकांना जोडून त्रिकोणांची जाळी विणतो. जवळचे बिंदू जोडून सुबक त्रिकोण कसे पाडावेत याचा नियम बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञाने 1934 साली मांडला. आजही बहुतेक प्रोग्राम त्याच वाटेने जातात. एक बिंदू हलवला की जाळी पुन्हा बसवावी लागते, समोच्च रेषा म्हणजे कंटूर पुन्हा काढाव्या लागतात आणि उघडलेली दृश्येही नव्याने रंगवावी लागतात.

आता हिशेब पाहा. 500 मीटर लांब व 500 मीटर रुंद जमिनीवर दर 1 मीटरला बिंदू घेतला तर 2,51,001 बिंदू आणि 5 लाख त्रिकोण होतात. तीच जमीन दर 5 मीटरला मोजली तर 10,201 बिंदू आणि 20,000 त्रिकोण पुरतात. म्हणजे ओझे 25 पटींनी कमी झाले. ड्रोनच्या सर्व्हेत तर बिंदू लाखोंनी मिळतात. ते सगळे जसेच्या तसे आत घेतले की फाइल जड झालीच म्हणून समजा.

अशा संपादनाचा बराचसा भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतो. त्यामुळे जास्त कोअरचा प्रोसेसर किंवा भारी ग्राफिक्स कार्ड घेऊन अपेक्षेइतका फरक पडत नाही.

आत घेण्यापूर्वी निवडून घ्या

धान्य दळण्यापूर्वी निवडतात, तसे बिंदू आत घेण्यापूर्वी निवडावेत. ऑटोकॅडमधील कंटूरवर अनेकदा गरज नसताना शेकडो शिरोबिंदू असतात. सरळ रेषेवर दोन टोके पुरेशी असताना मधे 50 बिंदू कशाला? रेषेचा आकार न बिघडवता असे बिंदू गाळण्याची डग्लस-प्यूकर पद्धत 1973 पासून प्रचलित आहे. सिव्हिल थ्रीडीमध्येही अंतर आणि कोन ठरवून बिंदू विरळ करण्याची सोय आहे.

मात्र सरसकट कात्री चालवू नये. सपाट मैदानात बिंदू विरळ चालतील. पण नाल्याचा काठ, शेताचा बांध, संरक्षक भिंत, रस्त्याची कडा, जांभ्याच्या खाणीचा कडा येथील बिंदू राखलेच पाहिजेत. जमिनीचा उतार जेथे एकदम बदलतो तेथेच तिचा खरा आकार असतो.

आणखी एक खबरदारी घ्यावी. सर्व्हेचे आकडे पुष्कळदा लाखो मीटरच्या निर्देशांकात असतात. रेव्हिटला आपल्या आरंभबिंदूपासून सुमारे 16 किलोमीटरच्या आतील काम मानवते. म्हणून सर्व्हे प्रथम आरंभबिंदूजवळ आणून मग निर्देशांक जुळवावेत.

काम करताना

जमिनीची फाइल वेगळी ठेवावी आणि इमारतीच्या फाइलला ती जोडावी. त्यामुळे भिंती-खिडक्यांचे काम करणाऱ्याला जमिनीचे ओझे वाहावे लागत नाही.

मोठ्या जमिनीचे तुकडे करावेत. 25 हेक्टरपैकी बदल अर्ध्या एकरात असेल तर तेवढाच तुकडा संपादनास घ्यावा. नुसता रस्ता किंवा बागेचा रंग वेगळा दाखवायचा असेल तर तुकडे न पाडता उपविभाग करावा.

संपादन त्रिमितीय दृश्यात न करता वरून दिसणाऱ्या साध्या दृश्यात करावे. सावल्या बंद ठेवाव्यात आणि न लागणारी दृश्ये मिटवावीत. एकाच उंचीचे बिंदू एकेक करून न बदलता एकत्र निवडावेत आणि उंची एकदाच द्यावी.

ज्यांच्याकडे नवी आवृत्ती आहे त्यांनी पद्धतही बदलावी. रेव्हिटच्या 2024 च्या आवृत्तीत जुन्या पातळ पृष्ठभागाऐवजी जाडी असलेली घन जमीन आली. 2025 च्या आवृत्तीत इमारतीच्या आकाराने खोदाई करण्याचे साधन मिळाले. तळघराच्या खड्ड्यासाठी बिंदू खालीवर करत बसण्याची गरज त्यामुळे उरली नाही. जुन्या आवृत्तीतही पृष्ठभाग सोपा करण्याची आज्ञा आहे. ती वापरण्यापूर्वी फाइलची प्रत अवश्य काढावी.

वेग हवा, पण ब्रास हरवू नये

येथे ठेकेदार बांधवांनी विशेष लक्ष द्यावे. बिंदू कमी केल्याने जमिनीची सरासरी उंची 10 सेंटिमीटरने चुकली असे समजा. 1 हेक्टरवर ही चूक 1,000 घनमीटर, म्हणजे सुमारे 353 ब्रास होते. 10 गुंठ्यांच्या प्लॉटवरही ती 36 ब्रासच्या आसपास जाते. एवढा मुरूम भरावाला जास्त लागला तर पैसे कोण देणार? आराखडा काढणारा म्हणतो संगणकाने सांगितले, मालक म्हणतो करारात नाही, आणि नुकसान ठेकेदाराच्या अंगावर येते.

म्हणून दोन फाइली ठेवाव्यात. सर्व्हेचे सर्व बिंदू असलेली मूळ फाइल हात न लावता जपावी आणि खोदाई-भरावाचा हिशेब तिच्यावरूनच करावा. मोठ्या जमिनीचे मोजमाप करण्यासाठी सिव्हिल थ्रीडीसारखा प्रोग्राम अधिक योग्य आहे. दुसरी हलकी फाइल रोजच्या आराखड्यासाठी वापरावी. हलकी फाइल तयार झाली की जागेवर प्रत्यक्ष मोजलेल्या 10-15 ठिकाणांच्या उंचीशी ती ताडून पाहावी. फरक ठरवलेल्या मर्यादेत असेल तरच पुढे जावे. ही मर्यादा किती, हे कामाच्या सुरुवातीलाच मालक आणि आर्किटेक्ट यांच्याकडून लेखी घ्यावे.

नवा संगणक घ्यायचाच असेल तर अवश्य घ्यावा. पण आधी फाइल हलकी करून पाहावी. अनेकदा एक दिवसाच्या निवडणीने जे साधते ते खर्चिक यंत्राने साधत नाही. गवंडी वीट लावण्यापूर्वी ओळंबा धरतो, तशी नकाशा काढणाऱ्याने बिंदूंची निवड करावी. त्याने वेळ वाचेल आणि ठेकेदाराचा हिशेबही खरा राहील.