पोर्टेबल सॉमिल घ्यायची आहे? आधी परवाना विचारा, ओंडका मोजा, मग यंत्र बघा

सिंधुदुर्गात माझा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. मी आणि तीन कारागीर. पाट, चौरंग, दारं-खिडक्या आणि अधूनमधून एखादं मोठं टेबल असं आमचं काम. लाकूड बहुतेक फणस आणि आंब्याचं. दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ बघून बघून माझ्या डोक्यात पोर्टेबल सॉमिल शिरली आणि एका विक्रेत्याला मी २५ हजार रुपये अॅडव्हान्स देऊन बसलो. तो म्हणाला होता, "दादा, चाकांवरचं यंत्र आहे, लायसन वगैरे काही लागत नाही." खरं काय ते वनविभागाच्या ऑफिसात गेल्यावर कळलं. अॅडव्हान्स अर्धाच परत मिळाला. तुमचे पैसे असे जाऊ नयेत, म्हणून तेव्हापासून जे शिकलो ते इथे मांडतोय.

पोर्टेबल सॉमिल म्हणजे काय?

वखारीत ओंडका ट्रॉलीवर चढवून पात्याकडे ढकलतात. पोर्टेबल सॉमिलमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं: ओंडका रुळांवर जागच्या जागी राहतो आणि पातं त्याच्यावरून सरकतं. यंत्र गाडीला जोडून झाडाजवळ नेता येतं. फायदा केवढा, ते वजनावरून समजेल. ६ फूट गोलाईचा, १० फूट लांबीचा ओंडका साधारण ०.८ घनमीटर भरतो. ओलं लाकूड जवळपास पाण्याइतकं जड धरलं, तर हे पाऊण टन झालं. ते उचलून ट्रकात घालण्यापेक्षा जागेवर फळ्या काढणं सोपं.

सगळ्यात आधी परवाना

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जो आदेश दिला, त्यानंतर देशभरात सॉमिलवर कडक नियंत्रण आलं. पुढे केंद्राने २०१६ मध्ये लाकूड उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. राज्यात लाकूड किती उपलब्ध आहे ते बघून नव्या गिरण्यांबाबत राज्यस्तरीय समिती निर्णय घेते. म्हणजे अर्ज केला आणि आठवड्यात कागद हातात आला, असं होत नाही.

यंत्राला चाकं आहेत की ते सिमेंटमध्ये बसवलंय, हा मुद्दाच नाही. इंजिनवर किंवा विजेवर गोल ओंडका चिरायचा का, हा मुद्दा आहे. आधी चिरलेलं लाकूड आणून त्याचं फर्निचर करणं ही वेगळी गोष्ट. म्हणून यंत्राचं माहितीपत्रक घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, नेमकं काय चिरणार ते सांगा आणि उत्तर लेखी मागा. पैसे त्यानंतर.

झाडांचाही नियम आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार साग, आंबा, खैर अशी काही झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. ओंडका विकत घेताना तो कागद मागून घ्या. नाहीतर चूक दुसऱ्याची आणि लाकूड जप्त तुमचं.

तीन प्रकार आणि भुशाचा हिशोब

१. चेनसॉ मिल: चेनसॉला बसवायची चौकट. अमेरिकेच्या ग्रॅनबर्ग कंपनीची अलास्कन मिल हे याचं प्रसिद्ध उदाहरण. सगळ्यात स्वस्त, पण काम संथ आणि कंबर मोडणारं.

२. बँडसॉ मिल: दोन चाकांवर फिरणारं पातळ पट्टीचं पातं. छोट्या व्यवसायात हीच जास्त दिसते.

३. गोल पात्याची मिल: वेगवान, पण एका घावात फार रुंद फळी निघत नाही.

पातं लाकडात जेवढी रुंद चीर पाडतं, तेवढ्या लाकडाचा भुसा होतो. बँडसॉची चीर साधारण २ मिमी, गोल पात्याची ५ आणि चेनसॉची ८ मिमी धरा. आता १२ इंच, म्हणजे ३०५ मिमी जाडीच्या चौरस ठोकळ्यातून २५ मिमीच्या फळ्या काढू. चेनसॉने ९ निघतात, गोल पात्याने १०, बँडसॉने ११. एका ठोकळ्यामागे दोन फळ्यांचा फरक! फणसाच्या लाकडाचा भाव ज्याला माहीत आहे, त्याला जास्त सांगायला नको.

तुमचा ओंडका केवढा?

आपल्याकडे ओंडका गोलाईवर मोजतात, यंत्राच्या माहितीपत्रकात मात्र व्यास असतो. गोलाईला ३.१४ ने भागा. ६ फूट म्हणजे ७२ इंच गोलाई असेल तर व्यास जवळपास २३ इंच. पण बुंधा खाली फुगीर असतो, म्हणून सगळ्यात जाड ठिकाणी मोजा.

दुसरी मेख अशी, की 'कमाल ओंडका' आणि 'कमाल फळीची रुंदी' हे दोन वेगळे आकडे असतात. यंत्र २८ इंचाचा ओंडका घेत असेल, तरी फळी त्याहून अरुंदच निघते. टेबलासाठी रुंद पाट हवा असेल तर दुसरा आकडा विचारा. मागच्या वर्षभरात घेतलेल्या ओंडक्यांची यादी करा आणि दहातले आठ बसतील असं यंत्र निवडा. उरलेले दोन वखारीत न्या. त्या दोघांसाठी मोठ्या यंत्राचे पैसे मोजू नका.

इंजिन की मोटर?

रानात जायचं असेल तर पेट्रोल किंवा डिझेल इंजिन. एकाच जागी काम असेल तर थ्री-फेज मोटर बरी: आवाज कमी, देखभाल कमी. फक्त शेतीपंपाच्या कनेक्शनवर चालवायचा विचार करू नका. व्यवसायासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते. ओंडका चढवायला आणि फिरवायला हायड्रॉलिक हात असतील तर माणसं कमी लागतात, पण किंमत बरीच वाढते. दिवसाला दोन-चार ओंडके असतील तर कप्पी आणि पहार पुरेशी आहे.

खरा खर्च पात्याचा

बँडसॉचं पातं दोन-तीन तास चाललं की बोथट होतं. बोथट पातं सरळ जात नाही, फळी लाटेसारखी निघते आणि रंधा मारण्यात अर्धी जाडी जाते. म्हणून एक पातं यंत्रावर, दोन तयार आणि दोन धारेला, असा संच ठेवावा लागतो. धार लावणारा जवळ नसेल तर धार लावायचं यंत्रही घ्यावं लागेल. दात्यांचा कोन विचारा: सर्वसाधारण कामाला १० अंश, कठीण सुक्या लाकडाला त्याहून कमी.

आणि परसातला आंबा म्हणजे खिळ्यांची खाण! कुणी वळणी बांधलेली असते, कुणी काटेरी तार ठोकलेली. चिरण्याआधी हातातला मेटल डिटेक्टर फिरवा. एका खिळ्यात अख्खं पातं जातं.

पैसे वसूल कधी होतील?

सोपं गणित करा. समजा यंत्र ५ लाखांचं आहे आणि इंधन, पाती, मजुरी वजा करून वखारीच्या तुलनेत घनफुटामागे ८० रुपये वाचतात. म्हणजे ६,२५० घनफूट चिरल्यावर पैसे निघतील. महिन्याला १०० घनफूट चिरत असाल तर पाच वर्षांहून जास्त. ३०० चिरत असाल तर पावणेदोन वर्षं.

शिवाय आज चिरलेली फळी उद्या वापरता येत नाही. फळ्यांच्या टोकांना रंग लावून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत थप्पी रचावी लागते. इंचभर जाडीला एक वर्ष, असा जुना अंदाज आहे, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तोही पुढे सरकतो. तेवढे दिवस तुमचं भांडवल थप्पीत अडकून पडतं.

माझं उत्तर काय आलं? महिन्याला ९० घनफूट. मी यंत्र घेतलं नाही. तालुक्यातल्या परवाना असलेल्या वखारवाल्याशी बोललो, ओंडके आठवड्यातून एकदाच एकत्र न्यायला लागलो आणि वाचलेल्या पैशांतून फळ्या वाळवायला चांगली शेड बांधली. तडा गेलेल्या फळ्या निम्म्यावर आल्या. तुमचा आकडा ३०० च्या पुढे असेल आणि वनविभागाचा लेखी होकार हातात असेल, तर बँडसॉ मिल नक्की बघा. पण आधी वर्षभराची वही काढा. यंत्र घ्यायचं की नाही, ते त्या वहीतच लिहिलेलं असतं.