एका दाढेचा एक्स-रे

दाढ ठणकायला लागली की माणूस चार दिवस लवंगेचं तेल आणि पेनकिलरवर काढतो आणि पाचव्या दिवशी दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. डॉक्टर आरसा आत घालून बघतात, आरशाच्या दांडीने दोन-तीन दातांवर टकटक करतात आणि म्हणतात, "एक छोटा एक्स-रे काढून घेऊ." इथे बऱ्याच जणांचा चेहरा बदलतो. "काढायलाच हवा का?" हा प्रश्न रास्त आहे, पण बहुतेक वेळा तो भलत्याच कारणासाठी विचारला जातो. मनात असतं रेडिएशन. खरं विचारायचं ते हे, की या एक्स-रेतून नेमकं काय कळणार आहे आणि ते कळल्यावर उपचारात काही फरक पडणार आहे का?

बिलावर या छोट्या एक्स-रेचं नाव 'आयओपीए' किंवा 'आरव्हीजी' असं असतं. पहिल्यात तोंडात फिल्म ठेवतात आणि दाताचं मूळ टोकापर्यंत दिसेल असा फोटो बाहेरून काढतात. दुसऱ्यात सगळं तेच, फक्त फिल्मच्या जागी वायर जोडलेला सेन्सर असतो आणि चित्र काही सेकंदांत पडद्यावर येतं. फ्रान्समध्ये १९८७ साली हे तंत्र पहिल्यांदा आलं. मोठ्या माणसासाठीची फिल्म साधारण ३१ बाय ४१ मिलिमीटरची असते. तिच्यात दोन-तीन दात मुळांसकट मावतात आणि मुळाच्या टोकाभोवतालचं थोडं हाड. अख्खा जबडा पाहायचा असेल, अक्कलदाढ आडवी रुतून बसली असेल, तर 'ओपीजी' लागतो. पण किडलेल्या एका दाढेसाठी ओपीजी काढण्यात अर्थ नाही. त्यात दाताचे बारकावे या छोट्या फोटोइतके स्पष्ट दिसत नाहीत.

फोटो पडद्यावर आला की तो दाखवायला सांगा. संकोच करू नका, चांगले डॉक्टर आपणहून स्क्रीन वळवतात. जे जितकं घट्ट, तितकं ते पांढरं दिसतं. धातूचं फिलिंग आणि कॅप पांढरीशुभ्र. त्याखालोखाल दाताचं वरचं कवच, कारण वजनाच्या हिशेबाने त्यात ९६ टक्के खनिज असतं. त्याच्या आतला थर करडा. मधोमध खाली उतरणारी काळी रेघ ही नसेची जागा. आता मुळाच्या कडेकडेने बघा. एक बारीक काळी रेषा मुळाला वळसा घालून जाते. दात हाडात ज्या तंतूंनी धरलेला असतो, त्यांची ती जागा. तिला लागून हाडाची पांढरी रेषा. डॉक्टरांची नजर या दोन रेषांवर असते. मुळाच्या टोकाशी पांढरी रेषा तुटली असेल आणि काळी रेषा फुगून तिथे गोलसर डाग झाला असेल, तर नस मेलेली आहे आणि संसर्ग हाडात उतरला आहे, अशी दाट शंका घेता येते. दोन दातांमधलं हाड किती खाली गेलंय यावरून हिरड्यांच्या आजाराचा अंदाज येतो. आणि दोन दाढांच्या फटीतली कीड, जी आरशात दिसत नाही आणि जिभेला लागत नाही, ती इथे कवचावरच्या काळसर त्रिकोणासारखी दिसते. तेवढ्याचसाठी 'बाइटविंग' नावाचा वेगळा फोटो काढतात. दात मिटून घ्यायचे आणि वरच्या-खालच्या दाढांची डोकी एकाच चित्रात.

प्रत्येक काळा डाग म्हणजे कीड नव्हे, हेही याच ओघात सांगायला हवं. खालच्या उपदाढांच्या मुळांजवळ जबड्याच्या हाडाला एक नैसर्गिक भोक असतं. त्यातून ओठाकडे जाणारी नस बाहेर पडते. एक्स-रेत ते नेमकं गळवासारखं दिसतं. दाताच्या मानेशी, कवच संपतं आणि हाड सुरू होतं त्या पट्ट्यात, किरण जास्त आरपार जातात आणि कीड नसतानाही काळपट सावली पडते. म्हणून मोबाइलवर फोटो मोठा करून घरबसल्या निदान करण्याच्या भानगडीत पडू नये. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून तर नाहीच नाही.

याच्या उलट बाजूची गोष्ट जास्त लोकांना माहीत नसते. एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे दात निरोगी, असं नाही. हाडातलं खनिज तिसरा हिस्सा ते निम्मं विरघळेपर्यंत फोटोत खड्डा दिसत नाही. काल रात्री सुरू झालेल्या ठणक्यात, अगदी रात्रभर उशी चावायची वेळ आली तरी, फोटो निर्मळ येऊ शकतो. नस जिवंत आहे की मेली, हे एक्स-रे थेट सांगत नाही. त्यासाठी दातावर गार लावून बघावं लागतं, टकटक करून बघावं लागतं. दाताला गेलेली बारीक चीर तर बहुतेक वेळा दिसतच नाही. दुखणं खालच्या दाढेत आणि पेशंट बोट ठेवतो वरच्या दाढेवर, असंही घडतं. त्यामुळे आधी तपासणी, मग एक्स-रे, हा क्रम महत्त्वाचा. तोंड उघडून बघण्याआधीच रिसेप्शनवरून "आधी एक्स-रे करून या" म्हणत असतील, तर कशासाठी, ते विचारावं.

आणखी एक मर्यादा म्हणजे हे चित्र सपाट असतं. वरच्या पहिल्या दाढेला सहसा तीन मुळं असतात आणि त्यांत बहुधा चार नळ्या. फोटोत त्या एकमेकींवर पडतात. भिंतीवरच्या सावलीवरून हाताची बोटं मोजावीत, तसा हा प्रकार. म्हणून डॉक्टर कधी कधी ट्यूब थोडी तिरकी करून दुसरा फोटो घेतात. ट्यूब ज्या दिशेला सरकवली त्याच दिशेला जे मूळ सरकलेलं दिसतं ते जिभेच्या बाजूचं, उलट दिशेला सरकतं ते गालाच्या बाजूचं. "एक तर आत्ताच काढला!" असं वाटतं खरं, पण हा दुसरा फोटो बिल फुगवायला काढलेला नसतो.

रूट कॅनालमध्ये तर तीन-चार एक्स-रे लागणं नेहमीचंच. पहिला सुरुवातीला, मुळांचा आकार आणि आजाराची व्याप्ती बघायला. दुसरा बारीक सुई नळीत घालून, तिची लांबी मोजायला. आत भरायची गुलाबी रंगाची बारीक कांडी नीट टोकापर्यंत बसते का, हे बघायला तिसरा, आणि काम झाल्यावर शेवटचा. भरण मुळाच्या टोकाच्या अलीकडे साधारण दोन मिलिमीटरच्या आत थांबायला हवं. फार आधी थांबलं तर जंतू उरतात, बाहेर गेलं तर हाडाला टोचतं. हल्ली नळीची लांबी विजेच्या साहाय्याने मोजणारं यंत्र बऱ्याच दवाखान्यांत असतं, त्यामुळे मधला एखादा फोटो वाचतो. पण एकही एक्स-रे न काढता रूट कॅनाल करून देतो, असं कुणी म्हणालं तर सरळ खुर्चीतून उठावं. मुळाच्या टोकाचा काळा डाग भरून यायला सहा महिने, वर्ष किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. म्हणून वर्षभराने फोटो काढायला बोलावलं तर जा, दुखत नसलं तरी. आपल्याकडे कॅप बसली की पेशंट गायब होतो, ही दंतवैद्यांची जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे.

आता रेडिएशन. रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले नोव्हेंबर १८९५ मध्ये, आणि लगोलग जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावच्या ऑटो वाल्कहॉफ या दंतवैद्याने स्वतःच्याच तोंडात काचेची पट्टी धरून दातांचा फोटो काढला. किरण अंगावर घेत तो २५ मिनिटं तसाच थांबला. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स हे या तंत्राचे मोठे पुरस्कर्ते. किरण नीट येतात का, हे ते वर्षानुवर्षं स्वतःचा हात मध्ये धरून बघत. त्यांना कर्करोग झाला, आधी बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ साली त्यांनी आयुष्य संपवलं. किरणांचा धाक जो आहे, तो अशा काळातून आलेला आहे आणि तेव्हा तो खराच होता.

आज त्याच फोटोला सेकंदाचा छोटासा अंश लागतो. डिजिटल सेन्सरवर एका दाताच्या एक्स-रेतून मिळणारी मात्रा थोड्या मायक्रोसीव्हर्टची. माती, दगड, हवा, अन्न आणि आकाश यांतून आपल्याला जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २,४०० मायक्रोसीव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला सहा-सात. ढोबळमानाने एक फोटो म्हणजे जगण्याचा एक दिवस. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग याच्या कितीतरी पट आहे. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांच्या पाहणीचा २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की त्यापायी कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. याचा अर्थ उगीच फोटो काढत सुटावं असा नाही. पण "गेल्या महिन्यात एक काढलाय, आता सहा महिने नको" या हिशेबालाही आधार नाही. गरज असेल तर आजही काढावा, गरज नसेल तर दहा वर्षांत एकदाही नाही.

शिशाच्या एप्रनचंही असंच. तो अंगावर टाकला की पेशंटला बरं वाटतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने मात्र सांगितलं, की दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि गळ्याच्या पट्ट्याची गरज उरलेली नाही. आजच्या यंत्रांत मात्रा कमी आणि झोत नेमका असतो, आणि एप्रन कधी कधी झोताच्याच आड येऊन फोटो पुन्हा काढायला लावतो. आपल्याकडे अजून एप्रन देतात, दिला तर घालावा. पण दवाखान्याची पारख त्यावरून करू नये. एक्स-रेच्या ट्यूबचं तोंड गोल न ठेवता चौकोनी केलं तर अंगावर पडणारे किरण निम्म्याहून कमी होऊ शकतात, ते जास्त मोलाचं. आपल्या देशात या यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते आणि दवाखान्याला आपल्या मशिनची तिथे नोंद करावी लागते. नोंदणी आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

गर्भवतींबद्दल घरोघरी फार गोंधळ असतो. दिवस राहिलेत म्हणून सुजलेला जबडा घेऊन नऊ महिने काढणाऱ्या बाया आहेत. गरजेचा दाताचा एक्स-रे गरोदरपणात चालतो. झोत तोंडावर असतो आणि गर्भापर्यंत पोचणारी मात्रा नगण्य असते. जबड्यात पू घेऊन बसणं आईला आणि बाळाला जास्त घातक. डॉक्टरांना दिवस किती गेलेत ते मात्र आधी सांगा. पुढे ढकलण्याजोगं काम ते मधल्या तीन महिन्यांत बसवतात. लहान मुलांना किरणांचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त, म्हणून त्यांच्या बाबतीत हात आखडता असावा. पण पडून पुढच्या दाताला मार बसला असेल तर दिरंगाई नको.

खुर्चीतली अडचण बहुतेकांची एकच असते, उलटीची उबळ. नाकाने सावकाश श्वास घ्या, पायाचे अंगठे हलवत राहा, लक्ष तिकडे जातं. जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवल्यानेही काहींना फरक पडतो. सेन्सर धुऊन उकळता येत नाही, त्याच्यावर दर पेशंटला नवी प्लास्टिकची पिशवी चढवायची असते. ती बदलतात का, हे बघा आणि बदलली नाही तर बोला.

शेवटचं काम घरचं. फोटो मागून घ्या. फिल्म असेल तर पाकिटात, डिजिटल असेल तर मूळ फाइल ईमेलवर, कारण मेसेजमधून आलेला फोटो दाबला जाऊन बारकावे हरवतात. त्यावर तारीख आणि दाताचा नंबर हवा. तोंडाचे चार भाग धरतात. उजवा वरचा १, डावा वरचा २, डावा खालचा ३, उजवा खालचा ४. दुसरा आकडा मधल्या दातापासून मागे मोजायचा. म्हणजे '३६' ही डावी खालची पहिली मोठी दाढ. पुढच्या वेळी दवाखाना बदला, गाव बदला, पण जुना फोटो बरोबर न्या आणि तोंड उघडण्याआधी तो डॉक्टरांच्या हातात द्या. नवा काढायचा की नाही, हे त्यांना तो बघून ठरवू द्या.