कानाचं काम डोळ्यांकडे

आमच्या अंगणात, पानपिंपरीची पोती ठेवायच्या पडवीला लागून, एक पांढरी पद्मिनी उभी असते. १९७६ सालची. गावात तिला अजूनही सगळे 'फियाट'च म्हणतात. गाडी मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. मामाजींचं वय ८१.

लग्न होऊन मी अंजनगाव सुर्जीत आले, तेव्हा बी.ए.चं सर्टिफिकेट आणि चार साड्या एवढंच घेऊन आले होते. गाडी चालवायला मला मामाजींनी शिकवलं. सुनेला गाडी शिकवतो म्हणून लोक हसले, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. दर्यापूर रोडला सकाळी सहा वाजता आमचा क्लास. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, माझे हात थरथरत असायचे. ते म्हणायचे, "सूनबाई, खाली पाहू नको. गाडी बोलते, तू फक्त आयक." इंजिनाचा आवाज चढला की "टाक आता तिसऱ्यात!" पुढे बचत गटाच्या कामाला गावोगाव फिरले, ती याच शिकवणीवर.

गेल्या तीन-चार वर्षांत मामाजींचे कान गेले. श्रवणयंत्र आणलं, पण गाडीत बसलं की त्यात नुसता खरखराट होतो म्हणून ते कपाटात पडून असतं. गाडी आता मीच चालवते, ते शेजारी बसतात. एकदा मळ्यातून येताना पाहिलं, तर त्यांनी तळहात डॅशबोर्डवर दाबून धरला होता. इंजिनाची थरथर हातानं शोधत होते. मग हात काढून म्हणाले, "आता गाडी माह्यासंगं बोलत नाही वं."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. घरात गाडी विकायचं बोलणं सुरूच होतं. शेजारच्या एका मोठ्या गावातल्या गॅरेजवाल्यानं तर "ताई, भंगारात द्या" असं सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामाजींनीच ट्रंकेतून एक डबा काढला. आत काळ्या तबकडीचं, पांढऱ्या आकड्यांचं मीटर. इंग्लंडच्या स्मिथ्स कंपनीचं. मूळची ही लंडनची घड्याळवाली मंडळी, पुढे गाड्यांची मीटरं करू लागली. मामाजींनी ते तरुणपणी मुंबईच्या चोर बाजारातून हौसेनं आणलं होतं, पण बसवलं कधीच नाही. का, तर "कान असताना काटा कशाले?"

हे मीटर म्हणजे टॅकोमीटर. गाडी ताशी किती पळते ते स्पीडोमीटर दाखवतो, तर इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते हे दाखवतं. ट्रॅक्टरला असतं तसंच. पद्मिनीला ते कंपनीकडून नव्हतंच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बने. साध्या कुटुंबाची गाडी, तिला शर्यतीचं मीटर कशाला! मुंबईत टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली.

मीटर लावायचं कोणी? आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी वायरमनचा कोर्स करून घरी बसली होती. दोन गॅरेजांत विचारून आली, दोन्हीकडे "पोरीचं काम नाही" हेच उत्तर. तिला बोलावलं. पोरीनं आधी मीटरला हात न लावता वाचून काढलं. तबकडीवर बारीक अक्षरात 'आरव्हीसी' छापलं होतं. ज्यावर 'आरव्हीआय' असतं, त्यात कॉइलची वायरच मीटरच्या पाठीमागच्या फेऱ्यातून न्यावी लागते. आमच्या मीटरला साध्या तीनच जोडण्या. एक चावी फिरवल्यावर येणाऱ्या बारा व्होल्टची, फ्यूज घालून. दुसरी गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थ. तिसरी कॉइलच्या त्या टोकाला, जिथून वायर डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटकडे जाते. पॉइंट उघडला की ठिणगी पडते. त्या ठिणग्या मोजूनच मीटर फेरे सांगतं.

मीटरमागे 'निगेटिव्ह अर्थ' लिहिलंय, हेही तिनं बॅटरीशी ताडून पाहिलं. जुन्या इंग्रजी गाड्यांत पुष्कळदा उलटं असे, आणि उलटं जोडलं तर आतला नाजूक भाग जळतो. वायर तिनं इंजिनाच्या तापणाऱ्या नळीपासून लांबून आणली, पत्र्याच्या भोकात रबरी कडं बसवून. डॅशबोर्डला मात्र भोक पाडू दिलं नाही मी. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायचा नियम २०२१ साली आलाय. म्हणून मीटर खाली पट्टीवर टांगलं.

गाडी सुरू केली. काटा हलला आणि पाचशेवर थांबला. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात मामाजी म्हणाले, "खोटं हाय. पाचशेवर ही गाडी बंद पडते." आवाज ऐकू येत नव्हता, पण पन्नास वर्षांची ओळख होती ना!

पोरगी नाराज झाली नाही. म्हणाली, "काकू, काट्याले खऱ्याशी ताडून पाहू." खरं कुठून आणायचं? तर आपल्या घरच्या विजेतून. वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. आपल्याकडे व्होल्टेज पडतं, बल्ब मिणमिणतो, पण ही चाल साऱ्या देशाची एकच असते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीनं दक्षिणेचं जाळंही जोडलं गेलं, तेव्हापासून अंजनगाव आणि चेन्नई एकाच ठेक्यावर. तो ४९.९० ते ५०.०५ मध्ये राखायचा असा नियम आहे.

आता हिशेब पाहा. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या. सेकंदाला ५० ठोके म्हणजे २५ फेरे, मिनिटाला १५००. पोरीनं मीटर काढून टेबलावर ठेवलं, गाडीच्या बॅटरीवर चालू केलं आणि ट्रान्सफॉर्मरनं वीज बारा व्होल्टवर उतरवून, एक डायोड लावून ते ठोके दिले. (घरातली वीज कुठल्याही मीटरला थेट कधीच लावू नका. जिवावर बेतेल.) काटा १५०० वर जायला हवा होता. गेला १००० वर! चार डायोड लावून ठोके १०० केले, तर ३००० ऐवजी २०००. दोन्ही वेळा बरोबर दोन-तृतीयांश.

पोरगी हसायलाच लागली. "काकू, मीटर खोटं नाही बोलत. थे दुसऱ्या गाडीचं हाय. सहा सिलिंडरच्या!" सहा सिलिंडरच्या गाडीत एका फेऱ्याला तीन ठिणग्या, म्हणून आमच्या दोन त्याला कमी भरत होत्या. आतला बारीक स्क्रू फिरवून काटा थोडा सरकला, पुरेसा नाही. मग गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी आतल्या कंडेन्सरला निम्म्या मापाचा दुसरा जोडून दिला. आता प्रत्येक ठिणगीला काट्याला दीडपट धक्का. उरलेली कसर स्क्रूनं. १५०० ला १५००, ३००० ला ३०००.

गाडीत परत बसवलं, चावी फिरवली. काटा साडेसातशेवर. मामाजींनी काही न बोलता मान हलवली.

त्या दिवसानंतर मी घरचं बीपीचं यंत्र दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून आणलं. बचत गटाचा तराजूही तपासून घेतला. काटा हलतो म्हणून तो खरा असतोच असं नाही, हे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एका पोरीनं आणि एका म्हाताऱ्यानं शिकवलं. पोरीला अजून गॅरेजात नोकरी नाही. पण दोन ट्रॅक्टरवाले वायरिंग करायला तिला घेऊन गेले, पैसे रोख दिले.

आणि गाडी? विकायचं बोलणं सध्या बंद आहे. परवा मळ्याकडे निघालो. मी दुसऱ्या गिअरमध्ये, मामाजी शेजारी, चष्मा पुसून काट्याकडे पाहत बसलेले. काटा चढला, अडीच हजाराच्या वर गेला. तशी डॅशबोर्डवर थाप पडली आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीचा तोच आवाज आला,

"सूनबाई, टाक आता तिसऱ्यात!"